जुनी पेठ सावरायची आहे: वास्तुरचनाकार आणि रहिवाशांनी सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी वाईत राहतो. आमच्या आळीतून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढे दुकान आणि मागे घर अशी जुनी घरे अजून उभी आहेत, पण बऱ्याच घरांचे वरचे मजले कुलूपबंद आहेत आणि मालक पुण्या-मुंबईला असतात. आम्ही पंधरा-वीस जणांनी मिळून एका तरुण वास्तुरचनाकार बाईंना बोलावले. त्या मनापासून मदत करायला तयार आहेत. मात्र पहिल्याच बैठकीत त्यांनी दगडी फरसबंदी, एकसारख्या पाट्या आणि बाके असलेली चित्रे दाखवली, तेव्हा एका किराणा दुकानदारांनी विचारले की माल उतरवणारा टेम्पो कुठे उभा राहणार, आणि चर्चा तिथेच थांबली. दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे. ती एकत्र कशी आणावी? शिवाय छोट्या नगरपालिकेत रहिवाशांचे म्हणणे नोंदवण्याची अधिकृत जागा कोणती?

रेखाटन

मी स्वतः वास्तुरचनाकार आहे आणि बरीच वर्षे तालुक्याच्या गावांत काम करतो. माझा स्पष्ट सल्ला असा की चित्रे काही महिने बाजूला ठेवावीत आणि त्या बाईंनी घरमालक, भाडेकरू व हातगाडीवाले यांच्यासह तो रस्ता सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री चालून पाहावा.

मी एकदा अशी चूक केली आहे. एका गावात आम्ही पेठेचा सुबक आराखडा केला, पण उंबऱ्यांची उंची मोजली नाही. एका आजींनी मला ओट्यापाशी नेऊन दाखवले की त्यांच्या लग्नाच्या वेळी ओट्याला चार पायऱ्या होत्या आणि आता एकच उरली आहे, कारण जुना थर न खरवडता दर वेळी त्यावरच नवे डांबर आणि पुढे पेव्हर ब्लॉक टाकले गेले. पावसाळ्यात पाणी थेट माजघरात येत होते, आणि आमच्या फरसबंदीने उरलेली पायरीही गेली असती. तुमच्याच गावातल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगावे म्हणून मत्स्याकार बांधलेली आहे. बांधणाऱ्यांना पाणी कुठून येते हे ठाऊक होते, आणि आज ती माहिती रहिवाशांकडेच आहे.

टेम्पोच्या प्रश्नावर वाद घालण्याऐवजी प्रयोग करावा. चुन्याच्या रेघा मारून, सकाळी ठरावीक वेळेत माल उतरवायचा असे पंधरा दिवस करून पाहावे. रेघ पुसता येते, दगड उखडता येत नाही.

सनद

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. प्रभाग समित्यांची सक्ती राज्यघटनेच्या २४३-एस या अनुच्छेदात आहे, पण ती ३ लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच लागू होते, त्यामुळे छोट्या गावांना तो मार्ग आपोआप मिळत नाही. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम २६नुसार ३० दिवसांत हरकती व सूचना देता येतात. त्या रहिवाशांनी वास्तुरचनाकारांच्या नकाशासह दिल्या तर वजन पडते. हातगाडीवाल्यांसाठी २०१४च्या कायद्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद असून तिचे किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडायचे असतात.

कुलूपबंद आणि पडक्या मजल्यांचे मूळ मात्र भाडेकराराशी जोडलेले आहे. मालकाने दुरुस्ती टाळली तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू नोटीस देऊन ती करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच खर्च वळता होतो. जुन्या, नाममात्र भाड्याच्या चौथ्या हिश्शात कौले शाकारून होत नाहीत. म्हणून मालक-भाडेकरू तडजोड लेखी करून घेतल्याशिवाय नुसत्या दर्शनी भागाला रंग देऊ नये, असे मला तळमळीने सांगावेसे वाटते.

ओहायोकाठी

मी अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो. इथले मॅडिसन हे ओहायो नदीकाठचे छोटे गाव, जुन्या बाजारपेठा सावरण्यासाठी १९७७ साली सुरू झालेल्या 'मेन स्ट्रीट' प्रयोगातल्या तीन गावांपैकी एक आहे. दुसरी दोन गेल्सबर्ग आणि हॉट स्प्रिंग्स. नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने प्रत्येक गावात एक पूर्णवेळ माणूस नेमला, जो दुकानदारांकडे रोज जाई, रिकाम्या गाळ्यांची नोंद ठेवी आणि इमारतींच्या दुरुस्तीसोबत व्यापार व उत्सवांचाही विचार करी. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, परंतु पाठपुरावा करणारा एक पगारी माणूस हवा, ही गोष्ट उचलण्यासारखी आहे. इथल्या वास्तुरचनाकारांच्या संघटनेची स्वयंसेवी पथके १९६७पासून गावांना मदत करतात, आणि पथकातल्यांनी त्यातून निघणारे काम पुढे स्वतः घ्यायचे नाही असा नियम आहे. त्याने विश्वास वाढतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्याकडे घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव वर्गणीतून होतो, त्यामुळे हिशेब ठेवणारी आणि घरोघरी जाणारी माणसे आधीच आहेत. पाठपुराव्याची जबाबदारी त्यांच्यापैकी एकाकडे मानधनावर द्यावी असे आज ठरले. येत्या रविवारी आम्ही त्या बाईंसोबत टेप घेऊन प्रत्येक उंबऱ्याची उंची मोजणार आहोत, आणि किराणा दुकानदारांनी टेप धरायचे कबूल केले आहे.