आमसूल, कोकम, सोल, भिरंड: नक्की कशाला काय म्हणायचं?

बागायतदारांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत आणतोय. मूळ इंग्रजीत झाड, फळ, वाळकी साल, सगळ्याला एकच शब्द आहे: कोकम. मी सरसकट 'आमसूल' केलं, तर मालवणच्या काकू म्हणाल्या, "झाडाला आमसुलं लागतात होय रे?" आणि 'अँटीऑक्सिडंट'ला काय लिहू?

▪ काकूंचं बरोबर आहे. झाडावर असतो तो रातांबा. आत पांढऱ्या आंबटगोड गरात पाच-आठ बिया, बाहेर जाड लाल साल. ही साल काढून, गराच्या खारवलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात काळी पडेपर्यंत वाळवली की आमसूल. मिठातला रस तो आगळ. साखरेतलं ते अमृत कोकम. म्हणजे 'आमसूल' हे झाडाच्या अवयवाचं नाव नाहीच, ते केलेल्या पदार्थाचं आहे. 'आमसुलाचं झाड' म्हणणं म्हणजे 'पापडाचं शेत' म्हणण्यासारखं! 'कोकम' मात्र झाड, फळ, साल तिन्हींना चालतं. घोळ तिथूनच होतो.

▪ गोव्यात फळ भिरंड आणि वाळकी साल सोल. सोलकढीतलं सोल ते हेच. (सोलून काढतात म्हणून सोलकढी, असं पुण्यात एकाने मला ठासून सांगितलं होतं. कढी सोलतात कशी, ते नाही सांगितलं.) भिरंडाचा प्रवास तर फार लांबचा. पोर्तुगीजांनी त्याचं 'ब्रिंदांव' केलं. 1563 साली गोव्यात छापलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात हे फळ येतं. पुढे त्यावरूनच लॅटिन नाव झालं 'ब्रिंडोनिया इंडिका'. आज ते 'गार्सिनिया इंडिका' आहे. त्यातला गार्सिया मात्र ऑर्ता नव्हे. ते नाव लॉरें गार्सें या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलंय.

▪ पुस्तिकेत साल म्हणजे शास्त्रीय भाषेत फलभित्ती. रसायनांची गोष्ट आहे ती मुख्यतः तिच्यातच. आंबटपणा हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचा, लाल रंग अँथोसायनिनचा, आणि पिवळा गार्सिनॉलही सालीतच. शेवटची दोन्ही अँटीऑक्सिडंट. विश्वकोशी शब्द 'प्रतिऑक्सिडीकारक'. वाचताना दात हलतात, पण अर्थ नेमका. मी असतो तर एकदा तो देऊन पुढे सरळ अँटीऑक्सिडंटच लिहिलं असतं. अँथोसायनिनचा रंग आम्लावर ठरतो, म्हणून लाल आगळ नारळाच्या दुधात पडला की आम्ल सौम्य होऊन कढी गुलाबी-जांभळट होते. हे वाक्य पुस्तिकेत घाला, रसायनं एका घोटात कळतील.

▪ बियांचं राहिलंच. त्यांचं तेल थंड झालं की थिजतं, मग मुठीत दाबून गोळे करतात. त्याला मुठेल म्हणतात. आजी टाचांच्या भेगांना चोळायची. हल्ली तेच 'कोकम बटर' होऊन डबीत येतं. निदान पुस्तिकेत तरी मुठेल लिहा.

▪ लिहितो. 'आमसुलाचं झाड' सतरा ठिकाणी आहे, ते आधी खोडतो.