मोठेपणी दिलेली जपानीची परीक्षा: तुमचे अनुभव सांगा

मोगरा:
काल लेकीच्या कंपासमध्ये शार्पनर शोधताना तळाशी माझीच एचबी पेन्सिल सापडली, मागचं टोक चावलेलं. डिसेंबर २०१९, पुणे, जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची एन फाइव्ह पातळी (सगळ्यात सोपी; सगळ्यात अवघड एन वन). वय एक्केचाळीस! वीस वर्षांनी बाकावर बसले होते, गोल काळे करताना हात थरथरत होता. शेजारच्या शाळकरी मुलाने पेपर सुरू व्हायच्या आधी न मागता एक खोडरबर माझ्याकडे सरकवला. "काकू, माझ्याकडे दोन आहेत." तेवढ्यानेच जीवात जीव आला.
श्रवणात तारखांनी घात केला. चार तारीख म्हणजे योक्का, आठ म्हणजे योओका. ऑडिओ एकदाच लागतो. मी त्यातच अडकले आणि पुढचा प्रश्न सुरू. १८० पैकी ९७ मिळाले (८० ला पास). निकालाचा कागद देवापुढे ठेवला होता. तुम्ही कोणी दिलीय का?

डोंबिवलीची लोकल:
योक्का-योओका 😭 आमच्या सेन्सेई (जपानीच्या बाई) सांगायच्या, घसा अडखळला की चार, सूर लांबला की आठ. आता कायमचं बसलंय डोक्यात. कुकर लावून येते, मग लिहिते.

कोकणचा माणूस:
एन थ्री. एकूण १०४. पास व्हायला ९५ लागतात. तरी नापास, कारण श्रवणात १७ आणि प्रत्येक विभागात १९ हवेच. दोन गुण हो. बायकोने काही न बोलता चहा आणून ठेवला. पुढची सहा महिने रोज गाडी चालवताना फक्त ऐकत राहिलो. दुसऱ्या वेळी श्रवणात ३८.

मोगरा:
@कोकणचा माणूस दोन गुणांचं वाचून पोटात कालवलं. ३८ साठी मनापासून अभिनंदन!

शब्दवेडी:
मला तर एन फोरचं व्याकरण शिकताना रडू आलं, आनंदाने. 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः 'खाऊन बघणे'. 'शिते ओकु' म्हणजे 'करून ठेवणे'. 'शिते शिमाउ' म्हणजे 'करून टाकणे'. क्रियापद शेवटी, 'कारा' म्हणजे आपलं 'पासून'. आणि का सा ता ना हा मा या रा वा, हा जपानी अक्षरांचा क्रम आपल्याच वर्णमालेचा! बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम लिपी (संस्कृत लिहायची जुनी लिपी) तिकडे गेली, त्या अभ्यासातून आलेला. इंग्रजीतून जपानी शिकू नका, मराठीतून शिका, हे मी सगळ्यांना सांगते.

डोंबिवलीची लोकल:
आले. @शब्दवेडी 'करून टाकणे' भारी!! हे क्लासमध्ये कोणीच सांगितलं नव्हतं.

निशिकसाईची आई:
तोक्योहून लिहितेय, टायपो माफ करा, मुलगा झोपलाय तोवरच वेळ. त्याच्या बालवाडीतून रोज एक कागद यायचा. एकदा 'सुइतो' आणा असं होतं, मला तो शब्दच कळला नाही. सगळ्या मुलांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या, माझा एकटाच रिकामा. त्या रात्री एन टूचा अभ्यास सुरू केला. परीक्षेत बोलायचं किंवा लिहायचं काहीच नसतं, पर्याय निवडायचे, म्हणून लोक नावं ठेवतात. पण वाचनाच्या उताऱ्यांनी मला ते कागद वाचता आले. आता मीच दुसऱ्या आयांना वाचून दाखवते.

पेन्सिल हवी:
मेकॅनिकल चालते का? आणि केंद्राजवळ वडापाव मिळतो का, नवरा बाहेर थांबणार आहे 🙏

कोकणचा माणूस:
साधी एचबी पेन्सिलच घेऊन जा. आणि फोन खरंच बंद करा. आमच्या वर्गात श्रवण चालू असताना एका ताईंचा वाजला. रेड कार्ड. त्या बॅग उचलून गेल्या तेव्हा कोणाला वर बघवलं नाही. घरचाच फोन होता, बाळासाठी.

मोगरा:
बाई गं.

घरधनीण:
माझ्या सासऱ्यांचं सांगते. ६७ वर्षं. जुलै २०२० साठी रोज पहाटे कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) गिरवायचे, पाठकोऱ्या कागदांवर, कॅलेंडरच्या मागे. परीक्षा जगभर रद्द झाली. आम्हाला वाटलं सोडतील. वही बंद केली नाही त्यांनी. पुढे परीक्षा झाली तेव्हा मी सोडायला गेले होते. गेटवर माझ्या हातात चष्म्याची रिकामी डबी दिली आणि म्हणाले, "सूनबाई, इत्ते किमास." म्हणजे 'जाऊन येतो'. आपल्यासारखंच, नुसतं 'जातो' नाही म्हणत.

शब्दवेडी:
😭😭 पास झाले का?

घरधनीण:
हो. एन फोरचं पुस्तक आणलंय.

डोंबिवलीची लोकल:
जुलैच्या पहिल्या रविवारी पुण्यात परीक्षेला कोण कोण आहे? मी डबा आणते, थालीपीठ. काकांनाही आणा.