बटण आणि दोऱ्याचं सेंट्रिफ्यूज

वर कुणीतरी लिहिलंय की बॅटरी किंवा मोटर नसेल तर त्याला गॅजेट म्हणता येत नाही. मला हे अजिबात पटत नाही, आणि त्यासाठी पेपरफ्यूज या कागदी सेंट्रिफ्यूजचं (म्हणजे गरगर फिरवून द्रवातले जड-हलके घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचं) एक उदाहरण पुरेसं आहे.

शर्टाच्या मोठ्या बटणातून दोरा ओवून, पीळ देऊन, दोन्ही हातांनी ताणत-सोडत गरगर फिरवायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. स्टॅनफर्डचे मनू प्रकाश (मेरठमध्ये जन्मलेले, कागदी सूक्ष्मदर्शक फोल्डस्कोपवालेही हेच), साद भामला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये त्याच तत्त्वावर रक्त वेगळं करणारं यंत्र मांडलं. युगांडातल्या एका दवाखान्यात महागडं सेंट्रिफ्यूज वीज नसल्यामुळे दाराला अडसर म्हणून ठेवलेलं प्रकाश यांनी पाहिलं होतं, तिथून हा विचार सुरू झाला.

कागदाची चकती, मासेमारीची दोरी, धरायला दोन दांड्या. रक्ताची बारीक नळी चकतीवर आडवी बसवायची आणि ओढायचं. दोरीचा पीळ सुटताना चकती वेग घेते आणि त्याच वेगाने उलटा पीळ भरते, म्हणून हात थांबेपर्यंत चक्र चालू. मिनिटाला १,२५,००० फेरे! जड रक्तपेशी कडेला जातात, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आत राहतो, तेही दीड मिनिटात. वजन २ ग्रॅम, खर्च २० सेंट.

मला यात सर्वांत आवडतं ते हे, की बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही. दोरी तुटली तर दुसरी ओवायची.