जुनं लढाऊ विमान उडवायचं की म्युझियममध्ये ठेवायचं?

मिनेसोटाकर: मंडळी, अमेरिकेत कमेमोरेटिव्ह एअर फोर्स नावाची संस्था आहे, नाव भारदस्त पण कारभार हौशी स्वयंसेवकांचा. त्यांचं एक पी-५१सी मस्टँग लढाऊ विमान आहे, शेपूट लालभडक, कारण दुसऱ्या महायुद्धात अलाबामातल्या टस्कीगीला शिकलेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांची विमानं तशीच रंगवलेली असायची. वर्षानुवर्षं खपून २००१ मध्ये ते उडतं केलं, २००४ मध्ये इंजिनाने दगा दिला, विमान पडलं, पायलट गेले. तरी लोकांनी वर्गणी काढून २००९ मध्ये परत उडवलंच. माझ्या मते चांगलं केलं. २७ लिटरचं व्ही-१२ मर्लिन इंजिन सुरू होताना एक्झॉस्टमधून आधी धुराचे भपकारे येतात, मग पंखा फिरता फिरता दिसेनासा होतो, ते काय काचेमागे कळणारे?

खवचट_खान: एक माणूस गेल्यावरही तेच विमान परत हवेत? आणि २०२२ चा डॅलसच्या एअर शोमधला अपघात विसरलात वाटतं. याच संस्थेचं पी-६३ लढाऊ विमान मागून बी-१७ बॉम्बफेकी विमानावर आदळलं, सहा जण जागच्या जागी. हौस तुमची, जीव कुणाचा? टस्कीगीवाल्यांचा इतिहास शाळेत नीट शिकवा की, त्याला पेट्रोल लागत नाही.

ओझरचा_गणू: खान साहेब, डॅलसला विमानं म्हातारी होती म्हणून नाही आदळली हो. कोण कुठल्या उंचीवर राहणार हे आधी ठरवलंच नव्हतं, ऐनवेळी रेडिओवरून सांगणं चाललेलं, चौकशीत तेच निघालं. दोष नियोजनाचा. बाकी दुरुस्तीच्या कामाचं म्हणाल तर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी खिळी, मारायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून गन चालवतो, दुसरा आत वाकडा होऊन पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरतो, आणि तो ठोकळा जरा तिरका झाला की रिव्हेट ड्रिल करून काढा परत. हे हात पुस्तक वाचून तयार होत नाहीत राव.

खवचट_खान: मग रिव्हेट मारा ना, उडवा कशाला? आणि २००४ नंतरचं मुख्य काम नॉर्थ डकोटातल्या पगारी वर्कशॉपने केलंय. स्वयंसेवकांनी वर्गणी जमवली, मान्य, पण सगळं श्रेय त्यांच्याच गळ्यात कशाला घालताय.

मिनेसोटाकर: वर्गणी जमवणं सोपं वाटतं का तुम्हाला? आपल्या सोसायटीत लिफ्टसाठी जमवून दाखवा. आणि उडवायचं नसेल तर कुठला बोल्ट थकलाय हे कोण कशाला बघेल, वरून रंग मारला की झालं.

बनारसी_पान: आपल्याकडचं सांगते. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात एक हरिकेन लढाऊ विमान वर्षानुवर्षं गंजत पडलेलं, क्रमांक आर४११८, बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे १९४० च्या ब्रिटन-जर्मनी हवाई लढाईत, खरोखर लढलेलं. २००१ मध्ये एका ब्रिटिश माणसाने विकत घेऊन नेलं आणि २००४ मध्ये ते तिकडे उडालं. उडवण्याबद्दल मी खानांच्या बाजूची आहे, पण आपण ना उडवलं ना धड जपलं, याचा जास्त राग येतो.

खवचट_खान: त्याला फक्त शेड हवी होती हो ताई, पायलट नाही. मी तेच तर म्हणतोय.