व्हेगन फॉन्ड्यू रवाळ होतंय, उद्या संध्याकाळी पाहुणे आहेत, मदत हवी आहे

ओवी_लिहिते:
मंडळी, अर्जंट आहे म्हणून थेट विचारते. उद्या संध्याकाळी आम्ही सहा जण जेवायला आहोत, त्यातले दोघं व्हेगन (दूध-अंडीही न खाणारे), आणि सगळ्यांनी एकाच भांड्यातून खावं म्हणून पूर्ण व्हेगन फॉन्ड्यू (एरवी वितळलेल्या चीजचा गरम सॉस असतो, त्यात काट्याने पाव बुडवून खातात) करायचं ठरवलंय. आज करून बघितलं तर ते रवाळ झालं, जिभेवर बारीक कण लागतायत, कडेने पाणी सुटलंय आणि पावाचा तुकडा बुडवून वर काढला की अर्धं परत भांड्यात ओघळतं. ब्लेंडरमधून पुन्हा फिरवलं, थोडा वेळ बरं दिसलं आणि परत तसंच. सगळं रेसिपीत होतं तसंच केलंय. नक्की कुठे गडबड होतेय? चव चांगली आहे हो, म्हणूनच जास्त जीव तुटतोय. सामान आणायचं असेल तर आज रात्रीच आणावं लागेल, प्लीज लवकर सांगा.

सौरभ_प:
कुठली रेसिपी? काजूची, टोफूची, बटाट्याची, की विकतचं व्हेगन चीज वितळवलंय? प्रत्येकाचं बिघडायचं कारण वेगळं असतं. आधी साहित्य टाका.

मंद_आच:
रवाळ म्हणजे काजू नीट भिजलेले नाहीत, शंभर टक्के. किमान चार तास गार पाण्यात ठेवायचे, घाई असेल तर उकळतं पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवायचे, ते पाणी फेकायचं आणि मग ब्लेंडर. तोही असा एक झटका नाही, थांबत थांबत तीन-चार मिनिटं. थेंबभर घेऊन दोन बोटांत चोळून बघा, कण लागला की परत फिरवा. मी कायम काजूचंच करते, काजू जेवढे तेवढंच पाणी, आणि दुसरं काही करून बघावंसं वाटलंच नाही कधी.

अवलिया:
@मंद_आच, काजूने रवाळ होईल एक वेळ, पण पाणी का सुटेल? हा स्टार्चचा मामला आहे. ओवी, तुम्ही कॉर्नफ्लोअर घातलं असणार. त्याने दाटपणा येतो, तार येत नाही. टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्याचा करतात ते पीठ) आणा. दोन कप सॉसला तीन टेबलस्पून, गार पाण्यात कालवून घालायचं आणि मध्यम आचेवर हलवत राहायचं. आधी सगळीकडे गुठळ्या झाल्यासारखं दिसतं, तिथे बहुतेक लोक घाबरून गॅस बंद करतात. हलवत राहा, थोड्याच वेळात ते एकदम चकचकीत होतं आणि चमचा वर उचलला की लांब तार सुटते. तिथे आच कमी करायची.

मंद_आच:
टॅपिओका जरा जास्त झालं की डिंक होतो त्याचा, पावाला चिकटतं तसंच दातालाही चिकटतं. कॉर्नफ्लोअरला नावं कशाला ठेवायची, चीजच्या फॉन्ड्यूतही तेच घालतात की.

अवलिया:
चीजच्या फॉन्ड्यूत तार चीजची असते, कॉर्नफ्लोअर फक्त तूप सुटून ते फुटू नये म्हणून असतं. इथे चीजच नाहीये तर तार आणायची कुठून?

जुना_खवय्या:
चीज नाही तर मग फॉन्ड्यूचा अट्टहास का? ग्रुयेर आणि वाशरँ ही दोन स्विस चीज निम्मी निम्मी, भांड्याला आतून लसूण चोळलेला, पांढरी वाइन, शेवटी थोडं किर्श (चेरीची दारू), हे खरं फॉन्ड्यू. १९३० च्या दशकात स्विस चीज युनियनने त्याचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून जोरात प्रचार केला तो त्या चीजच्याच जोरावर. आणि तळाशी जो खरपूस थर राहतो तो खरवडून वाटून खाण्यात जे सुख आहे ते पीठ आणि पाण्यात मिळणार नाही. व्हेगन मंडळींना वेगळं काही तरी करा आणि बाकीच्यांना अस्सल खाऊ घाला, दोन्ही बाजू खूश.

रानजाई:
काका, एकाच भांड्यातून खायचंय असं त्यांनी सुरुवातीलाच लिहिलंय. दोन भांडी ठेवली की दोघांनी कोपऱ्यात बसून वेगळं खायचं, मग बोलवायचं कशाला? आणि चीज नसलेलं फॉन्ड्यू काही आजचं नाही. गरम तेलात मांसाचे तुकडे तळून खातात तेही फॉन्ड्यूच, आणि चॉकलेटचं तर १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कॉनराड एग्ली या स्विस रेस्टॉरंटवाल्याने लोकप्रिय केलं.

ओवी_लिहिते:
सगळ्यांचे आभार, पण काजू नाहीचेत त्यात. घालताच येणार नाहीत, येणाऱ्यांपैकी एकीला काजू आणि पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे. मी केलंय ते दूध, कॉर्नफ्लोअर, न्यूट्रिशनल यीस्ट, लसूण, मस्टर्ड, जायफळ आणि बाकी नेहमीचं.

मंद_आच:
अहो हे सगळ्यात आधी सांगायचं ना! माझा वरचा प्रतिसाद पूर्ण रद्द समजा. आणि आता नीट ऐका. विकतचं व्हेगन चीज किंवा व्हेगन क्रीम आणणार असाल तर लेबल शब्दन् शब्द वाचा, त्यातल्या कितीतरींचा पाया काजूच असतो. ब्लेंडरच्या भांड्यात पूर्वी काजू वाटले असतील तर पात्याखालची रबराची रिंग काढून घासा, तिथे अडकून राहतं. काट्यांनी एकाच भांड्यातून खायचं म्हणजे बाजूला ठेवलेल्या डिपमध्येसुद्धा काजू नकोत, एकाचा काटा तिकडून इकडे आलाच म्हणून समजा.

स्वप्नजा:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा लॅक्टोज-फ्री चीज मिळतं ना, ते वितळवा, मस्त तार येते. आणि यीस्ट म्हणजे पाव फुगवायचं तेच का?

सौरभ_प:
@स्वप्नजा, लॅक्टोज-फ्री चीज गाईच्या दुधाचंच असतं, फक्त त्यात लॅक्टोज नसतं, ते व्हेगन नाही. तसंच नॉन-डेअरी लिहिलेल्या कॉफी क्रीमरमध्येही पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं, तेही दुधातलंच. आणि यीस्ट ते नव्हे, न्यूट्रिशनल यीस्ट निष्क्रिय केलेलं असतं, त्याने काही फुगत नाही, फक्त चीजसारखी खमंग चव येते. पावाचं यीस्ट चुकूनही घालू नका, कडू होईल.
@ओवी, दूध कशाचं? आणि "बाकी नेहमीचं" म्हणजे नक्की काय काय? कशानंतर काय घातलं तेही लिहा.

ओवी_लिहिते:
सोया मिल्क, साधं, बिनसाखरेचं. नेहमीचं म्हणजे पांढरी वाइन आणि लिंबू, ते फॉन्ड्यूत असतंच म्हणून लिहिलं नाही. आधी वाइन आणि लिंबाचा रस उकळला, त्यात दूध ओतलं, मग कॉर्नफ्लोअर, शेवटी यीस्ट वगैरे.

सौरभ_प:
सापडलं. स्टार्चचा दोष नाही आणि ब्लेंडरचाही नाही, तुमचं सोया मिल्क फाटलंय. सोयातलं प्रोटीन आंबट आणि गरम एकत्र भेटलं की गोळा होतं आणि पाणी वेगळं पडतं, टोफू करताना क्षार किंवा आम्ल घालून मुद्दाम हेच घडवतात. तुम्ही उकळत्या वाइन-लिंबात दूध ओतलंत, म्हणजे पहिल्याच पायरीला कण तयार झाले. ब्लेंडरने ते बारीक होतात, नाहीसे होत नाहीत, म्हणून थोडा वेळ बरं दिसलं.

हा क्रम चीजच्या रेसिपीतून जसाच्या तसा उचललेला असतो. चीजला तिथे आंबटपणा हवाच असतो, वाइनमधलं आम्ल चीजमधलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि त्यामुळे केसीनच्या, म्हणजे दुधातल्या प्रोटीनच्या, गुठळ्या होत नाहीत. सोयाला तेच आम्ल मारक. म्हणून उद्या एक तर ओट मिल्क घ्या, नाही तर सोयाच वापरायचं असेल तर स्टार्च घालून सॉस पूर्ण दाट करून घ्या आणि आंबट शेवटी, आच बंद केल्यावर, थोडं थोडं. वाइन वेगळ्या भांड्यात आधी उकळून निम्मी आटवा म्हणजे कमी घालूनही चव येते. ओट मिल्क मात्र विकतचं घ्या, घरी केलेलं तापवलं की बुळबुळीत होतं.

अवलिया:
बरोबर आहे, दूध फाटलं असणार हे मान्य. तरी टॅपिओका घाला, तारेसाठी.

रानजाई:
वाइनवरून आठवलं, सगळी वाइन व्हेगन नसते. गाळ बसवून ती नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा, केसीन, जिलेटिन किंवा माशापासून काढलेलं आयसिंग्लास वापरतात. बाटलीवर व्हेगन लिहिलेलं बघून घ्या. आणि पावाकडे लक्ष द्या, तिथेच लोक फसतात, दूध किंवा बटर असतं किंवा वरून अंडं फासलेलं असतं. साधा पीठ-पाणी-मीठ-यीस्टचा जाड सालीचा पाव आजच आणून ठेवा, शिळा पाव काट्यावर जास्त चांगला टिकतो. प्रत्येक तुकड्याला थोडी तरी साल राहील असे कापा आणि काटा मऊ बाजूने घालून सालीतून आरपार काढा.

जुना_खवय्या:
वाइनमध्ये मासा? हे नवीनच ऐकतोय.

रानजाई:
गाळाबरोबर ते बहुतेक निघून जातं काका, पण वापरलेलं असतं म्हणून व्हेगन लोक टाळतात.

हिरवा_कोपरा:
ओवी ताई, काजू नको आणि सोयाची भीती नको असेल तर बटाटा आणि पांढरे बीन्स घ्या. मला तर हे काजूपेक्षा जास्त आवडतं, पोटाला जड होत नाही. सहा जणांसाठी: तीन मध्यम बटाटे सोलून अगदी मऊ उकडायचे, एक लहान गाजर रंगासाठी त्यातच. शिजवलेले पांढरे बीन्स दीड कप, ओट मिल्क दीड कप, न्यूट्रिशनल यीस्ट अर्धा कप, पांढरं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) एक मोठा चमचा, मस्टर्ड एक छोटा चमचा, वास नसलेलं तेल चार टेबलस्पून. सगळं गरम असतानाच ब्लेंडरमध्ये. एरवी बटाटा ब्लेंडरमध्ये फिरवला की चिकट होतो म्हणून नको म्हणतात, इथे तोच चिकटपणा उपयोगी पडतो. मग पातेल्यात काढून टॅपिओका दोन टेबलस्पून गार पाण्यात कालवून, अवलिया म्हणतात तसं तार सुटेपर्यंत. आटवलेली वाइन आणि लिंबू सगळ्यात शेवटी. मीठ त्यानंतर, कारण मिसो खारट असतं.

मंद_आच:
तेल घट्ट होणारं घेतलं तर चीजसारखा जाडपणा येतो, रिफाइंड नारळाचं बघा. पण त्या मैत्रिणीला नारळ चालतो का ते आधी विचारा. काजू न चालणाऱ्या बऱ्याच जणांना चालतो, तरी आपण ठरवायचं नाही.

चॉकोप्रेमी:
चॉकलेट फॉन्ड्यू करायचं असेल तर डार्क चॉकलेट दोनशे ग्रॅम, ओट क्रीम दीडशे मिली, क्रीम गरम करून चॉकलेटवर ओतायचं आणि दोन मिनिटांनी ढवळायचं. चॉकलेट नुसतं वितळवत असाल तर पाण्याचा एक थेंबही लागू देऊ नका, गोळा होतं. झालंच तर गरम पाणी किंवा क्रीम चमचा चमचा घालून घोटत राहा, परत येतं. डार्कमध्येही मिल्क सॉलिड्स असू शकतात, लेबल बघा.

ओवी_लिहिते:
चॉकलेट विचारलं नव्हतं पण गोडाचा प्रश्न सुटला! हिरवा_कोपरा, बटाटा-बीन्सचं आत्ता थोडंसं करून बघितलं, तार येतेय आणि कण अजिबात नाहीत. नारळाचं विचारलं, तिला चालतो. आता एकच, भांडं टेबलावर ठेवलं की दाट होऊन वर साय धरतेय. खाली छोटी मेणबत्ती आहे.

सौरभ_प:
भांडं कसलं आहे? चिनी मातीचं की धातूचं?

ओवी_लिहिते:
जाड चिनी मातीचं, फॉन्ड्यू सेटबरोबर आलेलं.

सौरभ_प:
मग छोटी मेणबत्ती त्याला पुरत नाही, ती चॉकलेटसाठी ठीक. जेल किंवा स्पिरिटचा बर्नर असेल तर तो लावा, ज्योत बारीक. सॉस गॅसवर पूर्ण गरम करूनच त्यात ओता, आणि त्याआधी ते भांडं गरम पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, गार भांडं सगळी ऊब खेचून घेतं. आणि हे भांडं तेलाच्या फॉन्ड्यूला कधी वापरू नका, कडकडीत तेलाने तडकू शकतं, त्याला धातूचंच लागतं.

मंद_आच:
साय येते कारण कोणी ढवळत नाही. प्रत्येकाने पाव बुडवताना तळापर्यंत नेऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, सगळ्यांना बसतानाच सांगून ठेवा. ओट मिल्क गरम करून बाजूला ठेवा, दाट झालं की दोन चमचे घालून ढवळायचं. गार दूध नको.

जुना_खवय्या:
बुडवायला नुसता पाव ठेवू नका. उकडलेले छोटे बटाटे, वाफवलेली ब्रोकोली, परतलेले मशरूम, सफरचंदाच्या फोडी आणि बाजूला व्हिनेगरमधल्या काकड्या. भाज्या कोरड्या करून ठेवा, ओल्या असल्या की सॉस धरत नाही. आणि आच बेताची ठेवली तर बटाट्याचाही तळाला खरपूस थर धरेल बहुतेक. धरला का ते कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

स्वप्नजा:
पहिलं फाटलेलं टाकून दिलंत का? पास्त्यावर ओतून, वरून ब्रेडचा चुरा घालून बेक केलं तर कण कळणारसुद्धा नाहीत.