मोतीबिंदूची लेन्स निवडताना : सांगली-साताऱ्याचा अनुभव धागा

मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा, कुठंही मोतीबिंदू दाखवला की तपासणीनंतर लेन्सच्या दरांचा तक्ता हातात पडतो. साधी, फोल्डेबल (घडी करून आत घालायची), टोरिक (सिलिंडर नंबरही घालवणारी), इडॉफ (लांब ते मधल्या अंतरासाठी), ट्रायफोकल (लांब, मधलं आणि जवळ, तिन्हीसाठी). दर चढत जातो आणि घरचे धरून चालतात की जितकी महाग तितकं चांगलं दिसणार. हा हिशोब कुठं बरोबर आणि कुठं साफ चुकतो, ते या कामातल्या माणसांनी सांगावं. "आमच्या आत्याबाईंना लख्ख दिसतंय" एवढ्यावर दुसऱ्याचा निर्णय होत नाही. काय मोजतात, कशानं बिघडतं, काय विचारायचं, हे आकड्यांसकट लिहा.

दृष्टीमापक, मिरज

तक्ता नंतर बघा, आधी घरात टेप घ्या. पेशंटचं रोजचं मुख्य काम डोळ्यापासून किती सेंटिमीटरवर चालतं ते मोजून कागदावर लिहून आणा. मोबाईल साधारण 35 ते 40, चौरंगावरची पोथी 50 ते 60, लॅपटॉप किंवा स्वयंपाकाचा ओटा 60 ते 70. सोनारकाम किंवा सतारीची जवारी काढणं 30 च्या आत येतं.

हे अंतर कशाला? आपली नैसर्गिक लेन्स काढून बसवलेली कृत्रिम लेन्स जवळ-लांब अशी आपणहून जुळवून घेत नाही. मोनोफोकल म्हणजे एका अंतराला पक्की. ती बहुतेक वेळा लांबचं दिसेल अशी बसवतात. मग जवळच्या कामाला किती नंबर लागेल हे सोपं आहे : 100 ला सेंटिमीटरमधल्या अंतरानं भागा. 40 सेंमीला 2.5, 50 ला 2, 66 ला 1.5, 33 ला 3.

आता ट्रायफोकल घ्या. तिचं जवळचं अंतर साधारण 40 सेंमी धरून केलेलं असतं. 28 सेंमीवर काम करणाऱ्या सोनाराला तिथं साडेतीनच्या आसपास लागतात, लेन्स देते अडीच. म्हणजे सगळ्यात महाग लेन्स घालूनही त्याच्या नाकावर चष्मा राहणारच. उलट पोथी आणि टीव्ही एवढंच ज्या आजींचं काम आहे, त्यांना साधी मोनोफोकल आणि पावणेदोनचा वाचायचा चष्मा पुरतो. "चष्मा पूर्ण जाईल का?" यापेक्षा "माझ्या या अंतराला चष्मा लागेल का?" हे विचारलंत तर उत्तरही नेमकं मिळतं.

बायोमेट्री करणारा, सांगली

लेन्सच्या जातीपेक्षा लेन्सचा नंबर जास्त महत्त्वाचा, आणि तो बायोमेट्रीतल्या, म्हणजे डोळ्याच्या मोजणीतल्या, दोन मापांवर उभा असतो : डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा, ज्याला आम्ही के रीडिंग म्हणतो. लांबी सरासरी साडेतेवीस मिमीच्या आसपास असते. तिच्यात एक मिमीची चूक झाली तर अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो. गोलाव्यात एक डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) चुकलं तर जवळजवळ एक नंबर.

मोजायच्या दोन पद्धती. प्रकाशाचं मशीन डोळ्याला हात न लावता मोजतं आणि अचूक मोजतं, पण मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश आत जात नाही आणि माप येत नाही. मग ए-स्कॅन, म्हणजे ध्वनिलहरींचं. त्यात प्रोब बुबुळावर टेकवताना थोडा जरी दाब पडला तर डोळा आखूड भरतो, जास्त नंबरची लेन्स निघते आणि पेशंटला लांबचं धूसर दिसून मायनसचा चष्मा लागतो. पाण्याच्या कपातून मोजण्याच्या इमर्शन पद्धतीत हा दाब नसतो. "मोतीबिंदू पिकू दे, मग बघू" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पिकल्यावर ऑपरेशन तर अवघड होतंच, मापही कमी भरवशाचं होतं.

माप पुन्हा घ्यायला हवं अशा खुणा : दोन डोळ्यांच्या लांबीत 0.3 मिमीपेक्षा जास्त फरक, किंवा गोलाव्यात एक डायॉप्टरपेक्षा जास्त फरक, आणि जुन्या चष्म्याच्या नंबरातून त्याचा उलगडा होत नसेल तर. म्हणून जुना चष्मा आणि मोतीबिंदूच्या आधीचा नंबर लिहिलेला कागद बरोबर आणा. लोक नेमका तोच घरी ठेवतात.

माप बिघडवणाऱ्या गोष्टी तुमच्या बाजूनंही असतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद. डोळे कोरडे पडत असतील तर आधी थेंबांचे उपचार, मग माप. उन्हातान्हात शेतात काम करणाऱ्यांच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस चढलेलं असतं. ते मोठं असेल तर आधी काढून, बुबुळ स्थिर होईपर्यंत थांबून मोजावं लागतं. आणि तरुणपणी लेझरनं चष्मा घालवला असेल तर ते न विचारता सांगा. मायनसचा नंबर असा घालवला असेल तर नेहमीच्या सूत्रानं लेन्स कमी नंबरची निघते आणि प्लसचा चष्मा राहतो. त्यासाठी वेगळी सूत्रं आहेत. सूत्रांची नावं पाठ करायची गरज नाही, पण फार आखूड किंवा फार लांब डोळ्याला बॅरेटसारखं नवं सूत्र वापरलंय का, हे विचारायला हरकत नाही.

लेन्स अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांनी मिळतात. त्यामुळं शेवटी पाव-अर्धा नंबर इकडं-तिकडं राहिला तर ती चूक नव्हे.

चष्म्याचं दुकान, सातारा

ऑपरेशननंतर नाराज होऊन काउंटरवर येणाऱ्यांत सगळ्यात जास्त कोण? ज्यांना पूर्वीपासून मायनस अडीच-तीनचा नंबर होता ते. ही माणसं आयुष्यभर चष्मा काढून वाचतात. दोन्ही डोळे लांबच्यासाठी शून्यावर आणले की एस.टी.ची पाटी दिसते, पण हातातलं तिकीट दिसत नाही. मायनस अडीचवरच ठेवून घ्यायचा पर्यायही असतो : वाचन बिनचष्म्याचं, लांबला चष्मा. पण तो ऑपरेशनच्या आधी मागावा लागतो, आणि समुपदेशकाच्या टेबलावर त्याचा उल्लेख बहुधा होत नाही.

दुसरी गोष्ट दोन डोळ्यांतल्या फरकाची. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन तो शून्यावर आला आणि दुसरा मायनस सहावर राहिला, तर चष्म्यानं ते जुळत नाही. तीन नंबरच्या पुढं फरक गेला की दोन डोळ्यांतली चित्रं लहान-मोठी दिसतात, गरगरतं, पायरी चुकते. अशा पेशंटनं दुसऱ्या डोळ्याची तारीख लवकरची घ्यावी, किंवा मधल्या काळात त्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स वापरावी. आमच्याकडं येऊन "दुसरी काच करून द्या" म्हटल्यानं ते सुटत नाही.

मोनोव्हिजनबद्दल : मुख्य डोळा लांबला, दुसरा मुद्दाम मायनस सव्वा ते पावणेदोनवर. मिनी मोनोव्हिजनमध्ये पाऊण ते एक. साध्या मोनोफोकल लेन्समध्येच होतं, जादा लेन्सचा खर्च नाही. मोतीबिंदू फार दाट नसेल तर कॉन्टॅक्ट लेन्स घालून आधी चाचणी घेता येते. ज्यांना अंतराचा अचूक अंदाज लागतो अशा कामाला, किंवा रात्री खंबाटकी घाटातून रोज गाडी काढणाऱ्यांना मात्र जपून.

शस्त्रक्रियागृहातली सिस्टर, कऱ्हाड

टोरिकवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बुबुळाचा सिलिंडर नंबर, म्हणजे गोलावा सगळ्या दिशांनी सारखा नसल्यामुळं येणारा नंबर, एक-सव्वाच्या वर असेल तर टोरिकचा पैसा वसूल होतो. पाऊणच्या खाली नाही. आणि बघायचा तो बुबुळाचा सिलिंडर, चष्म्यातला नव्हे. चष्म्यातला थोडा भाग मोतीबिंदूमुळंही असतो आणि तो लेन्सबरोबर निघून जातो.

ही लेन्स ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एक अंश फिरली की परिणाम सुमारे 3.3 टक्के कमी, तीस अंश फिरली की सिलिंडर घालवण्याचा उपयोगच संपला. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो, म्हणून खूण बसवून करतात. टेबलावर घेण्याआधी ताठ बसवून डोळ्यावर शाईची खूण केली तर घाबरू नका, ते बरोबरच चाललंय. लेन्स फिरलीच तर बहुधा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत फिरते आणि लवकर लक्षात आल्यास पुन्हा सरळ करता येते. त्यामुळं दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नाही.

प्रोस्टेटची टॅमसुलोसिन ही गोळी घेत असाल, किंवा पूर्वी घेतली असेल, तर सांगा. तिनं बाहुली नीट मोठी होत नाही आणि बुबुळामागचा रंगीत पडदा ऑपरेशनमध्ये लुळा पडतो. आधी कळलं तर तयारी ठेवता येते. गोळी दोन दिवस बंद करून काही होत नाही, तिचा परिणाम राहतो. रक्त पातळ करणारी गोळीसुद्धा मनानं बंद करू नका. फेको, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदू मशीननं फोडून काढायचं ऑपरेशन, बहुतेक वेळा थेंबांच्या भुलीवर होतं.

आणि एक प्रश्न आधीच विचारून ठेवा : लेन्स जिच्यात बसवतात ती आतली पिशवी फाटली तर कोणती लेन्स घालणार? नेहमीची एकसंध फोल्डेबल लेन्स पिशवीच्या बाहेर, पुढं ठेवत नाहीत. तिथं तीन भागांची लेन्स लागते. टोरिक आणि ट्रायफोकलचा बेत अशा वेळी बहुधा सोडावा लागतो. भरलेल्या जादा पैशांचं काय होणार, हेही तेव्हाच बोलून घ्या.

धागाकर्ता

सरकारी दवाखान्यात, टाक्याविनाच पण फेको नसलेलं ऑपरेशन सुचवतात. ते कमी दर्जाचं का?

नेत्रतज्ज्ञ, सांगली जिल्हा

नाही. त्याला एसआयसीएस म्हणतात. फेकोचा छेद 2.2 ते 2.8 मिमी, याचा सहा-सात मिमी, पण बोगद्यासारखा तिरका असल्यानं तो आपोआप मिटतो. टणक, काळपट-तपकिरी मोतीबिंदूला कित्येकदा हेच जास्त सुरक्षित असतं. फरक एवढाच की छेद मोठा असल्यानं थोडा सिलिंडर वाढू शकतो आणि चष्म्याचा अंतिम नंबर काढायला सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. फेकोत चार ते सहा.

मल्टिफोकल आणि ट्रायफोकल लेन्स आलेला प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटतात. त्यामुळं अंधुक प्रकाशात चित्राचा उठाव कमी पडतो आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात. मेंदू सरावायला तीन ते सहा महिने लागू शकतात. मधुमेहानं डोळ्यामागचा पडदा (रेटिना) बिघडलेला, काचबिंदू वाढलेला, पडद्याच्या मधोमध झीज, बुबुळावर जुना पांढरा डाग, फार कोरडा डोळा : यांतलं काही असेल तर या लेन्स नकोत. वरून ठीक दिसणाऱ्या पडद्यातही बारीक दोष निघतो, म्हणून या लेन्ससाठी आधी ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, करून घ्या. इडॉफमध्ये वलयं साधारणपणे कमी, लांबचं आणि संगणकाच्या अंतराचं चांगलं. पण औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला एक-दीडचा चष्मा धरून चाला.

ट्रायफोकल घेऊन समाधान नसेल तर घाईनं याग लेझर करून घेऊ नका. लेन्समागची पिशवी पुढं काही महिन्यांनी-वर्षांनी धुरकट होते, ती यागनं पाच मिनिटांत साफ होते, हे खरं. पण पिशवीला भोक पडल्यावर लेन्स बदलणं फार जोखमीचं होतं. तक्रार धुरकटपणाची आहे की लेन्सचीच, हे आधी ठरवावं.

विम्याचं काम बघणारा, सातारा

मोतीबिंदूला 24 तास भरती लागत नाही, डे-केअरमध्ये बसतं. बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं मिळत नाही आणि नंतरही प्रति डोळा मर्यादा असते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या प्रमाणित पॉलिसीत ती विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यातली कमी असेल ती. म्हणजे एक लाखाच्या पॉलिसीला 25,000. वरचा फरक खिशातून. कॅशलेसच्या पूर्वमंजुरीत लेन्सचं नाव आणि किंमत वेगळी लिहून घ्या.

सिस्टर, कऱ्हाड

ऊसतोडीच्या हंगामात ऑपरेशन घेणाऱ्यांसाठी : उसाच्या पातीचा फटका ताज्या डोळ्याला बसला तर बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते. महिनाभर फडात, मळणीवर, हळदीच्या किंवा बेदाण्याच्या धुळीत जाऊ नका. पहिले काही दिवस डोक्यावरून पाणी नको, नदीत अंघोळ तर महिनाभर नकोच. थेंब चार ते सहा आठवडे, कमी करत बंद. दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसायचं कमी झालं, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धागाकर्ता

दोन्ही डोळ्यांना एकदमच लेन्स ठरवून टाकायची का?

बायोमेट्री करणारा, सांगली

जात ठरवा, नंबर मोकळा ठेवा. पहिल्या डोळ्याचा नंबर स्थिरावला की अपेक्षेपेक्षा किती चुकला ते कळतं, आणि त्यावरून दुसऱ्याची लेन्स थोडी सुधारून निवडता येते. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावरचा लेन्सचा स्टिकर जपा : कंपनी, मॉडेल, नंबर, अनुक्रमांक. दुसरा डोळा दुसऱ्या गावात करायचा असेल तर तो स्टिकर आणि बायोमेट्रीची मूळ प्रिंट, दोन्ही लागतात. प्रिंटचा कागद फिका पडू शकतो, फोटो काढून ठेवा.