मदत हवी आहे : हिवतापाचा परजीवी मेद जाळतच नसेल, तर त्याच्या तंतुकणिकेचे (मायटोकॉन्ड्रियनचे) काम श्रोत्यांना कसे सांगावे?

सप्रेम नमस्कार,

मी डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पावसाळ्यात गावच्या वाचनालयात हिवतापावर मराठीतून व्याख्यान द्यायचे आहे. बांधकामाच्या साठवणीच्या पाण्यात आणि विहिरींत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी डास गोव्यातील श्रोत्यांना पुरेसा परिचित आहे. म्हणून या वेळी डास बाजूला ठेवून परजीवीच्या पेशीत शिरावे असे ठरवले आणि तिथेच अडलो.

परजीवी रक्तातली मेदाम्ले ओढून घेतो आणि तंतुकणिकेत जाळून ऊर्जा मिळवतो, असे मी टिपणात लिहिले होते. हे वाक्य आपल्या स्नायूपेशींवरून बेतलेले होते आणि ते चुकीचे निघाले, कारण प्लाझमोडियममध्ये, म्हणजे हिवतापाच्या परजीवीत, मेदाम्लांच्या बीटा-ऑक्सिडीकरणाची (ती तोडून जाळण्याची) विकरे (एन्झाइम) नाहीतच. तांबड्या पेशीत असताना त्याची बहुतेक ऊर्जा ग्लुकोजच्या विघटनातून, तंतुकणिकेबाहेरच मिळते. ओढून घेतलेला मेद जातो तो बांधकामात : फॅल्सिपेरम या प्लाझमोडियमच्या जातीत सुमारे ४८ तासांत एकाचे अनेक होतात आणि प्रत्येकाला नवे पटल (पेशीचे पातळ आवरण) लागते. त्यासाठी तो पामिटिक व ओलेइक ही मेदाम्ले आणि रक्तद्रवातील लायसोफॉस्फेटिडिलकोलीन हा मेदपदार्थ घेतो. यातील लायसोफॉस्फेटिडिलकोलीन कमी पडले की अधिक परजीवी डासाकडे जाणाऱ्या लैंगिक अवस्थेकडे वळतात, असे २०१७ मध्ये दाखवले गेले. मला तरी या विषयातली सर्वांत नवलाची गोष्ट हीच वाटते.

मग तंतुकणिका कशासाठी? तिच्या जनुकसंचात जेमतेम ६,००० आधारजोड्या आणि तीनच प्रथिनांची माहिती आहे. परजीवीला तयार पिरिमिडीन (डीएनए-आरएनएचे घटक) घेता येत नाहीत. ती बनवणारे डायहायड्रोओरोटेट डीहायड्रोजनेज हे विकर आपले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेतील युबिक्विनोन या इलेक्ट्रॉनवाहक रेणूला देते. २००७ मधील प्रयोगात, युबिक्विनोनची गरज नसलेले यीस्टचे विकर परजीवीत घातल्यावर त्यावर अटोव्हाक्वोन हे हिवतापाचे औषध चालेनासे झाले. माझे प्रश्न दोन आहेत. अशा परजीवीला अटोव्हाक्वोनसोबत प्रोग्वानिल हे दुसरे औषध दिल्यास तो मरतो, हे कसे समजावावे? आणि मेद व तंतुकणिका यांचा दुवा म्हणून युबिक्विनोनकडे बोट दाखवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद :

सर, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. युबिक्विनोन मेदात विरघळणारा आहे आणि त्याची लांब शेपटी आयसोप्रिन घटकांची असते. ते घटक एपिकोप्लास्ट या दुसऱ्या अंगकात तयार होतात. श्रोत्यांना रायबंदर-चोडण फेरीबोट सांगा. युबिक्विनोन ही पटलात ये-जा करणारी बोट, इलेक्ट्रॉन हे प्रवासी. अटोव्हाक्वोन पलीकडचा धक्का बंद करते, बोट रिकामी होत नाही आणि अलीकडे पिरिमिडीनचे काम अडते. यीस्टच्या विकराला ही बोट लागतच नाही, कारण ते इलेक्ट्रॉन फ्युमरेट या वेगळ्या रेणूला देते.

आता पहिला प्रश्न. अशा परजीवीलाही तंतुकणिकेच्या आतील पटलावरचा विद्युत्‌विभव (पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतभाराचा फरक) लागतोच, कारण केंद्रकाच्या जनुकांवरून बनलेली असंख्य प्रथिने त्याच्याच जोरावर आत ओढली जातात आणि घरची प्रथिने तर तीनच. अटोव्हाक्वोनने नेहमीची वाट बंद झाल्यावर परजीवी हा विभव दुसऱ्या वाटेने टिकवतो. प्रोग्वानिलमुळे तीही बंद होऊन विभव कोसळतो.

एक काळजी मात्र घ्या. बहुतेक ऊर्जा तंतुकणिकेबाहेर मिळते, हे तुमचे विधान रक्तातील अवस्थेपुरतेच ठेवा. उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीतून एटीपी सिंथेजचा (तंतुकणिकेत ऊर्जा साठवणारा रेणू बनवणाऱ्या विकराचा) एक घटक काढल्यावर तो रक्तात वाढला, डासात मात्र त्याची वाढ खुंटली. म्हणजे बाजूला ठेवलेला डास तुम्हाला परत आणावा लागेल.